शॉकअपमध्ये ‘गॅस भरून’ देणाऱ्यांपासून जपून

पल्सर २२० सारख्या गाडीचे मागचे गॅसवाले शॉकअप गेले की नवी जोडी घ्यावी, नाहीतर पैसे जमेपर्यंत तसंच सांभाळून चालवावं. ‘रिकंडिशन करून, गॅस भरून, वर ट्यूनिंग करून देतो’ असा तिसरा मार्ग ज्याने मला दाखवला, त्याने २,६०० रुपये घेतले आणि एम-सीलने चिकटवलेले दोन व्हॉल्व्ह हातात दिले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. पण असे फलक आता महामार्गाच्या सर्व्हिस रोडला जागोजागी दिसतात, म्हणून जे झालं ते सविस्तर सांगतो.

गाडीचं दुखणं खरं होतं. गतिरोधकावरून उतरल्यावर मागचा भाग एकदा दबून जागेवर यायला हवा. माझी गाडी दोन-तीन हेलकावे खाऊन मग शांत व्हायची. पसरणी घाट उतरताना वळणात मधेच खड्डा आला की मागचं चाक भलतीकडेच निघाल्यासारखं वाटायचं, आणि मागे बसलेली बायको दर खड्ड्याला पाठीत गुद्दा घालून निषेध नोंदवायची. रॉडवर तेलाचा ओशट थर आणि त्यावर बसलेली धूळ. सील गेलंय हे कळायला मेकॅनिकची गरज नव्हती.

दुकान नीटनेटकं होतं. भिंतीवर रेसिंगच्या गाड्यांचे फोटो, कोपऱ्यात साखळीने बांधलेला उंच काळा सिलिंडर, टेबलावर घड्याळासारखी तबकडी असलेला छोटा पंप. माणूसही बोलायला गोड. “दादा, नवीन कशाला घेताय? कंपनीवाले पण हेच भरून विकतात. मी व्हॉल्व्ह बसवून देतो. गोल्डविंगला कसं, हवा कमी-जास्त केली की गाडी मऊ-कडक होते? तसंच. वहिनी मागे बसल्या की चार पॉइंट वाढवायचे, एकटे असलात की उतरवायचे.”

फसवणुकीची खरी मेख या वाक्यात आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. होंडाच्या गोल्डविंगला १९८० च्या जीएल ११०० मॉडेलपासून हवेचं सस्पेन्शन होतं. हार्लेच्या लांब पल्ल्याच्या टूरिंग गाड्यांनाही मागे हवेचे शॉकअप येत. तिथे हवा स्वतः स्प्रिंगचं काम करते, वजन तोलून धरते. म्हणून दाब वाढवला की गाडी उंच आणि कडक होते, कमी केला की मऊ. आत हवेला जागा इतकी कमी असते, की भरायला हातपंपच वापरायचा. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर लावला तर क्षणात दाब मर्यादेबाहेर जाऊन सील फाटायची भीती.

आपल्या पल्सरच्या शॉकअपला कडेला जी छोटी डबी असते, तिच्यातल्या नायट्रोजनचं काम वेगळंच. वजन तोलायला बाहेरची लोखंडी स्प्रिंग आहे. स्प्रिंग दबल्यावर पुन्हा उसळी घेते, ती उसळी आवरायची जबाबदारी आतल्या तेलाची. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल रेटलं जातं आणि त्या अडथळ्यात उसळीचा जोर जिरतो. खराब रस्त्यावर दट्ट्या भराभर वरखाली झाला की तेलात बुडबुडे होऊन फेस येतो, आणि फेसाला अडथळा करता येत नाही. नायट्रोजन त्या तेलावर दाब ठेवून बुडबुडे होऊ देत नाही. म्हणजे गॅस कमी-जास्त करून गाडी मऊ-कडक करायची सोय या शॉकअपमध्ये मुळात ठेवलेलीच नाही. ते कारखान्यातच तोंड दाबून कायमचे बंद केलेले असतात. उघडून दुरुस्त करायचे शॉकअप वेगळे. ओहलिन्ससारख्या महागड्या कंपन्यांचे, ज्यांना सर्क्लिप (आतलं झाकण धरून ठेवणारी कडी) काढून आत जाता येतं, नवी सीलं घालता येतात आणि गॅसही पुन्हा भरता येतो. अशा शॉकअपमध्ये दाब साधारण १५० ते ३०० पीएसआयच्या घरात असतो. आमच्या या महाशयांचा काटा दाखवत होता चाळीस.

शॉकअप काढल्यावर त्याने मला चहा पिऊन यायला सांगितलं. “आत धूळ गेली तर काम बिघडतं, गिऱ्हाईकाला थांबू देत नाही आम्ही.” दोनेक तासांनी गेलो तर शॉकअप गाडीला लागलेले. काळा कुळकुळीत रंग, लाल स्टिकर, आणि दोन्ही डब्यांवर ट्यूबलेस टायरला असतो तसा व्हॉल्व्ह. त्याने पंप जोडला, दांडा अर्धाच दाबला आणि काटा झपकन चाळीसवर गेला. पंप काढून व्हॉल्व्हची पिन दाबून दाखवली, बारीकसं ‘फुस्’ झालं. मग सीटवर दोन्ही हातांनी जोर द्यायला लावला. गाडी खरंच दगडासारखी कडक. पक्कं बिल मागितलं तर “अठरा टक्के वर पडतील दादा, कशाला उगाच”, आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली.

गाडी कडक कशाने झाली होती, ते घरी आल्यावर दिसलं. स्प्रिंगच्या खाली जी पाच खाचांची रिंग असते, ती कायम दुसऱ्या खाचेवर असायची. आता दोन्ही बाजूंना चौथीवर होती. टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने दोन मिनिटांत होणारं काम. रिंग फिरवली की स्प्रिंगला आधीपासून ताण बसतो, हाताने दाबताना गाडी ताठ लागते, पण उसळी आवरणारं तेल आहे तिथेच आणि आहे तसंच राहतं. सीट दाबून बघणाऱ्या कुणालाही हा बनाव ओळखू यायचा नाही, आणि दुकानात आपण सगळे तेच करतो. शॉकअप तपासायचा तर सीट पूर्ण दाबून एकदम सोडायची आणि गाडी वर कशी येते ते बघायचं. सावकाश येऊन थांबली तर तेल काम करतंय. टुणकन उडून पुन्हा खाली-वर झाली, तर वरचा रंग कितीही चमकू दे.

माझी उडत होती. आता उलट खाचा वाढवल्यामुळे प्रत्येक उसळी जास्तच जोरात येत होती.

परत गेलो तेव्हा ऐकलेली उत्तरं क्रमाने देतो, कारण ती ठरलेली असावीत. आधी, “गॅस सेट व्हायला पाचशे किलोमीटर जाऊ द्या.” नंतर, “तुम्ही ओव्हरलोड नेता, डबलसीटला हेवी ऑइल लागतं, त्याचे आठशे वेगळे.” त्यानंतर, “स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेत, शॉकअपचा दोष नाही.” मग फोन उचलणं बंद.

शेवटी शॉकअप काढून आमच्या ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे नेले. काकांनी पन्नास वर्षांत बोअर केलेल्या इंजिनांची गणती नसेल. त्यांनी डबी कापायला आधीच साफ नकार दिला: आत मूळचा दाब शिल्लक असेल तर पत्रा तोंडावर येईल. ते बरोबरच होतं. हा उद्योग कुणी घरी करू नये. त्यांनी फक्त व्हॉल्व्हच्या बुडाशी पातळ छिन्नी टेकवली आणि हातोडीचा हलका ठोका दिला. व्हॉल्व्ह एम-सीलच्या वेटोळ्यासकट निघून आला. खाली डबीचा अखंड पत्रा, त्यावर कंपनीचा मूळ रंग आणि जुन्या स्टिकरचा अर्धा कोपरा. भोकच नाही! काटा झपकन का चढला ते तेव्हा उमगलं. हवा व्हॉल्व्हच्या बोटाएवढ्या नळीत जाऊन अडकत होती, पुढे जायला वाटच नव्हती. दुसऱ्या डबीचाही तोच प्रकार.

मग काकांनी रॉड पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. ‘नवीन क्रोम केलाय’ म्हणून जो सांगितला होता, त्यावर बरोबर सीलच्या जागी माझा ओळखीचा उभा ओरखडा होता. “याच्यावर नवीन सील घातलं असतं तरी महिन्यात फाटलं असतं,” काका म्हणाले. “आणि घातलेलं पण नाही.”

राहिला तो काळा सिलिंडर. आपल्याकडे सिलिंडरच्या रंगांचं भारतीय मानक आहे. नायट्रोजनचा सिलिंडर करडा आणि मानेला काळा, तर सबंध काळा हा वेल्डिंगच्या ऑक्सिजनचा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर भडका उडू शकतो, स्फोटही. त्या माणसाने खरोखर प्रामाणिकपणे ‘गॅस भरला’ असता, तर मी हे लिहायला कितपत शिल्लक असतो कोण जाणे. कुठल्याही दुकानात असा काळा सिलिंडर दाखवून शॉकअपचा गॅस म्हणाले, तर गाडी तशीच वळवा.

पुढे पुण्याला नाना पेठेत जाऊन कंपनीची नवी जोडी घेतली. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि छापील किंमत जुळवून, पक्क्या बिलावर. शॉकअप जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर दोन्ही बाजूंची उसळी सारखी राहत नाही. ज्या महाराष्ट्रात वाळूज आणि चाकणला शॉकअप बनवणारे मोठे कारखाने आहेत, तिथे आपण सर्व्हिस रोडवर एम-सील विकत घ्यावं, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

आणि ट्यूनिंग म्हणाल तर ते फुकट होतं. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग नेहमीचे कपडे, हेल्मेट, बॅग असं सगळं घालून गाडीवर सरळ बसा, दोघांनी गाडी सावरून धरायची, तिसऱ्याने मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसली ते. मागचं चाक एकूण जितकं वर-खाली होऊ शकतं, त्याच्या पाव ते एक तृतीयांश एवढा फरक आला तर खाच बरोबर आहे. जास्त बसली तर एक खाच वाढवा, कमी बसली तर उतरवा. माझी एकट्यासाठी दुसरी आणि बायको असली की तिसरी खाच बरोबर येते. पाठीतले गुद्दे थांबलेत.

तक्रारीचं म्हणाल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. ‘पक्कं बिल नाही, आता काय करणार’ असं समजून बरेच जण सोडून देतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. माझ्याकडे ती कोरी चिठ्ठी, पैसे पाठवल्याची मोबाइलवरची नोंद, काकांनी व्हॉल्व्ह उडवतानाचा व्हिडिओ आणि मुख्य म्हणजे ते दोन्ही शॉकअप आहेत.

ते त्याला हवे होते. तक्रार गेल्यावर त्याचा फोन अचानक चालू झाला, आणि “जुने शॉकअप आणून द्या, अर्धे पैसे लगेच परत करतो” म्हणाला. ते शॉकअप पुन्हा रंगून दुसऱ्या कुणाच्या गाडीला जातील हे दिसत होतं, म्हणून दिले नाहीत. पूर्ण पैसे आणि लेखी कबुली दे म्हटलं. त्याचं उत्तर अजून यायचंय.