मूलद्रव्य, संयुग, मिश्रण : एका प्रयोगसंचाचे परीक्षण

पदार्थांचे मूलद्रव्य (एकाच प्रकारच्या अणूंचा पदार्थ), संयुग (मूलद्रव्यांच्या रासायनिक संयोगातून झालेला पदार्थ) आणि मिश्रण (असा संयोग न होता नुसते एकत्र आलेले पदार्थ) असे वर्गीकरण शिकवण्यासाठी तयार केलेला एक प्रयोगसंच मी गेले दोन आठवडे वापरून पाहिला. लोहकीस आणि गंधक यांच्या पुड्या, चुंबक, एक परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा, रेणूंच्या प्रतिकृतींसाठी रंगीत मणी, पदार्थांची नावे छापलेली कार्डे आणि एक पुस्तिका एवढा ऐवज पेटीत आहे.

त्यात सर्वांत मोलाचा आहे तो लोहकीस आणि गंधकाचा प्रयोग. 7 ग्रॅम लोहकीस आणि 4 ग्रॅम गंधक एकत्र करून त्यावरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवले, की लोखंड वर येते आणि गंधक मागे उरते. दोघांनीही आपापले गुणधर्म सोडलेले नसतात. तीच भुकटी परीक्षानळीत तापवली की ती एका ठिकाणी लाल होते आणि दिवा बाजूला घेतला तरी ती लाली पुढे सरकत राहते, कारण या अभिक्रियेतूनच उष्णता बाहेर पडते. निवल्यावर उरणारे काळे आयर्न सल्फाइड हे संयुग चुंबकाला दाद देत नाही. ही दोन दृश्ये लागोपाठ पाहिलेल्या मुलाला व्याख्या वेगळी पाठ करावी लागू नये.

मात्र पुड्या आधीच मोजून दिल्या आहेत, हे खटकले. मिश्रण हव्या त्या प्रमाणात करता येते, संयुगात मात्र घटकांच्या वस्तुमानांचे प्रमाण ठरलेले असते, हा मुद्दा तयार पुडी फोडून कळत नाही. मी घरच्या काट्यावर लोहकीस मुद्दाम 10 ग्रॅम घेतला, गंधक 4 ग्रॅमच ठेवला. तयार झालेला गोळा कुटल्यावर उरलेले लोखंड चुंबकाला लगेच चिकटले. असा प्रयोग पुस्तिकेत हवा होता. शिवाय आयर्न सल्फाइड काचेला इतके घट्ट बसते की नळी फोडावीच लागते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला नळी माझी मलाच आणावी लागली.

कार्डांमध्ये एक ठळक चूक आहे. पितळ संयुगांत टाकले आहे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे संमिश्र असून त्यातील दोन्ही धातूंचे प्रमाण बदलता येते, म्हणून ते समांगी, म्हणजे सगळीकडे सारखेच असलेले, मिश्रण ठरते. मिठाचे पाणी याच संचात मिश्रणांत योग्य जागी आहे, तेव्हा नुसते एकजीव दिसण्यावरून फसगत झाली असावी.

मण्यांचा भाग चांगला जमला आहे. ऑक्सिजनच्या रेणूत दोन मणी, म्हणजे दोन अणू, असले तरी दोन्ही एकाच रंगाचे असल्याने ते मूलद्रव्य, हे नीट समजावले आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी 1789 साली दिलेल्या 33 मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश, उष्णता आणि चुनाही होता, असा उल्लेख पुस्तिकेत आहे. चुना हे संयुग असले तरी त्याचे विघटन तोवर कोणालाच करता आले नव्हते, हे कारणही तिथे दिले असते तर ती नुसती गंमत राहिली नसती.

तापवताना थोडे गंधक जळून उग्र वायू सुटतो. खिडक्या उघड्या ठेवण्याची सूचना शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापली आहे. ती पेटीच्या झाकणावर हवी होती.