‘हायब्रिड’ म्हणून विकलेली डिझेल गाडी

जुनी हायब्रिड गाडी स्वस्तात मिळते आहे, तिला कर माफ आहे आणि ती प्रदूषण करत नाही, असे कोणी सांगत असेल, तर विसार देण्यापूर्वी पुढील हकिगत वाचावी. मला दाखवलेला एकही कागद खोटा नव्हता. खोटे होते ते त्या कागदांचे मला सांगितलेले अर्थ, आणि बॉनेटखाली जे केलेले होते त्याची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही, त्यामुळे पूर्णपणे विजेवर चालणारी गाडी घेण्याचा विचार बाजूला पडला होता. २०२२ पासून मध्यम किमतीत मिळू लागलेल्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला स्वतंत्र विद्युत मोटार असलेल्या, गाड्या मला मनापासून पटल्या होत्या, पण नवी घेण्याइतकी ऐपत नव्हती. अशा वेळी, २०२५च्या जुलैत, पुण्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याची जाहिरात पाहण्यात आली. हायब्रिड सेडान, शहरात बॅटरीवर, टॅक्स नाही, किंमत पाच लाखांच्या आत. गाडी २०१५च्या अखेरीस दिल्लीत नोंदलेली आणि डिझेलवर चालणारी होती.

ती एवढी स्वस्त का, याचे कारण दिल्लीच्या नियमांत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीतील पंपांवर इंधन देऊ नये असे ठरले. लोकांच्या संतापामुळे ते काही दिवसांतच थांबवले गेले आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. पण त्या धास्तीत अनेकांनी दहा वर्षे भरत आलेल्या गाड्या मिळेल त्या भावाने काढून टाकल्या. ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अशी गाडी महाराष्ट्रात आणणे पूर्णपणे कायदेशीर आहे. दिल्लीला जो धूर नको होता तो आपल्या रस्त्यांवर येतो, ही गोष्ट वेगळी. हवेच्या कायद्याला राज्यांच्या सीमा कशा काय असतात, हे मला आजही कळलेले नाही.

विक्रेत्याने माझ्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. पहिली म्हणजे गाडीचे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यात इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल/हायब्रिड’ असे स्पष्ट छापलेले होते. “दादा, हे मी म्हणत नाही, सरकारनंच लिहून दिलंय,” असे तो म्हणाला. दुसरी म्हणजे उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केल्याच्या बातमीचे मोबाइलवरील कात्रण. महाराष्ट्रातही तेच लागू आहे, नवा क्रमांक घेताना कर पडणार नाही, असे त्याने छातीठोकपणे सांगितले, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिले. ते लेखी उत्तर पुढे फार उपयोगी पडले.

हायब्रिड या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या यंत्रणा खपतात, आणि या धंद्याचे सारे बळ त्यात आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये स्वतंत्र विद्युत मोटार आणि शंभराहून जास्त व्होल्टची बॅटरी असते. शहरातील संथ वाहतुकीत इंजिन बंद ठेवून केवळ मोटारीवर गाडी पुढे सरकते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत साठते. रखडत चालणाऱ्या वाहतुकीत तिचा फायदा खरा आणि मोठा असतो, महामार्गावर तो पुष्कळ घटतो. माइल्ड हायब्रिडमध्ये मात्र स्टार्टर आणि जनरेटर यांचे काम करणारे एकच यंत्र पट्ट्याने इंजिनला जोडलेले असते. सिग्नलला इंजिन बंद करणे, ते झटकन पुन्हा सुरू करणे आणि वेग घेताना थोडा हातभार लावणे, एवढेच त्याचे काम. केवळ विजेवर ही गाडी हातभरही पुढे जात नाही. स्ट्राँग हायब्रिडच्या मानाने ही दुधाची तहान ताकावर भागवण्याची तऱ्हा आहे, पण ती यंत्रणा चालू असेल तर थोडे डिझेल वाचते, हे मान्य केले पाहिजे.

कायद्याने हा फरक सुरुवातीला केला नाही. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘फेम’ या विजेवरील व हायब्रिड गाड्यांना सवलत देणाऱ्या योजनेत माइल्ड हायब्रिड डिझेल गाड्यांनाही ती मिळत होती. फायदा फारच थोडा आहे हा आक्षेप वाढल्यावर १ एप्रिल २०१७ पासून ती काढून घेण्यात आली. पण आधी विकलेल्या गाड्यांच्या आरसीवरचा शब्द तसाच राहिला. उत्तर प्रदेशची माफीही स्ट्राँग आणि प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) हायब्रिडपुरती होती आणि त्या राज्यापुरतीच होती.

आरटीओत गेल्यावर पहिला धक्का बसला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने आरसी पाहून शांतपणे सांगितले, की कराच्या दृष्टीने ही डिझेल गाडी आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या नव्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेल गाडीला १३ टक्के कर आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला तिच्या वयानुसार तो कमी होतो, माफ होत नाही. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने नियम बदलले असतील म्हणून हात वर केले.

त्यानंतर सिग्नलचा प्रश्न आला. गाडी उभी राहिली तरी इंजिन कधीच बंद होत नव्हते. एसी चालू असल्यावर ते बंद होत नाही, हे विक्रेत्याचे उत्तर काही अंशी खरे असल्याने मी थोडे दिवस गप्प राहिलो. पण एसी बंद ठेवूनही फरक पडेना आणि अ‍ॅव्हरेज साध्या डिझेल गाडीच्या वर जाईना, तेव्हा गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडले आणि बॅटरीकडे नुसते बोट दाखवले. स्टार्ट-स्टॉप यंत्रणेसाठी लागणारी मोठी, महाग बॅटरी काढून तिथे साधी बसवलेली होती. म्हणजे गाडीतील हायब्रिड म्हणण्यासारखा जो काही भाग होता, तोही मेलेलाच होता.

पण खरी करामत पुढे होती. इंजिनच्या बाजूला ईजीआर नावाची झडप असते. ती धुरातील काही भाग पुन्हा इंजिनमध्ये सोडते, त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू कमी तयार होतात. काजळी साचून ही झडप अडकते आणि नवी महाग पडते. मिस्त्रीने जोडणीचे दोन बोल्ट सैल करून मधून रुपयापेक्षा जरा मोठी, पातळ पत्र्याची चकती बाहेर काढली. कडा कानशीने ओबडधोबड घासलेल्या होत्या आणि मध्ये बारीक भोक होते. “साहेब, ही कंपनीची नाही. भोक एवढ्यासाठी ठेवलंय की चेक इंजिनचा दिवा लागू नये,” तो म्हणाला. झडप बदलण्याऐवजी तिचा रस्ताच बुजवून टाकलेला होता.

आणि पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र? तेही खरेच होते. खात्रीसाठी मी पेट्रोलपंपाजवळच्या केंद्रावर समोर उभे राहून तपासणी करून घेतली आणि गाडी मर्यादेच्या पुष्कळ खाली राहून उत्तीर्ण झाली. कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीचे इंजिन रेस करून केवळ धुराची घनता मोजतात. भारत स्टेज ४ (गाड्यांच्या उत्सर्जनाच्या सरकारी मानकांचा त्या वेळचा टप्पा) च्या गाडीला ती ५० हार्ट्रिज एककांपर्यंत चालते. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. ईजीआर बुजवल्यावर काजळी उलट कमी होते आणि हे न दिसणारे वायू वाढतात. म्हणजे जी मोडतोड हवेला अधिक घातक, तीच गाडीला परीक्षेत वरचे गुण मिळवून देते. मुळातच भारत स्टेज ४ मध्ये डिझेल गाडीला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, पेट्रोल गाडीला ०.०८ ग्रॅमची. एप्रिल २०२० पासूनच्या स्टेज ६ मध्ये डिझेलची मर्यादाही ०.०८ वर आली. शिक्का हायब्रिडचा असो वा नसो, २०१५ची डिझेल गाडी कायद्यानेच तिप्पट वायू सोडू शकत होती, आणि माझ्या गाडीत तर तो लगामही काढलेला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी दाखवणारे सॉफ्टवेअर होते. इथे ते काम पत्र्याच्या तुकड्याने भागले. त्या प्रकरणानंतर प्रत्यक्ष रस्त्यावर उत्सर्जन मोजण्याची पद्धत आली, आपल्याकडे ती एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली, पण ती नव्या गाड्यांसाठी आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिचा काही संबंध येत नाही.

सर्वांत चीड आणणारा भाग कायद्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे फेरफार करता येत नाहीत आणि कलम १९०(२) खाली हवेच्या प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही कारवाई होते ती मुख्यतः रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यावर, चकती बसवून गाडी विकून मोकळ्या झालेल्या माणसावर सहसा नाही. म्हणून मी सर्वप्रथम फोटो काढून, मिस्त्रीकडून सही-शिक्क्यानिशी लेखी अहवाल घेऊन नवी झडप बसवून घेतली आणि काढलेली चकती जपून ठेवली.

अशी गाडी पाहायला जाणाऱ्याने आरसीवरचा शब्द वाचून थांबू नये. डिझेलवर चालणारी आणि आठ-दहा वर्षे जुनी म्हटली की ती आपल्या बाजारात जवळजवळ नेहमी माइल्डच असते. एसी बंद करून, इंजिन तापल्यावर, सिग्नलला ते बंद पडते का हे पाहावे; बॅटरीवरचा प्रकार आणि क्षमता मॅन्युअलशी ताडून घ्यावी; आणि विक्रेत्याने न सुचवलेल्या मिस्त्रीकडून ईजीआरची जोडणी उघडून पाहून घ्यावी, त्याला विक्रेता राजी नसेल तर तिथून निघावे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते, ते मागावे. करमाफीचे आश्वासन तोंडी घेऊ नये.

माझी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. ती ऑनलाइन दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेत्याच्या वकिलाने दिलेल्या लेखी उत्तरात आरसीवरील हायब्रिड या नोंदीचा उल्लेख परिच्छेदागणिक आहे. पत्र्याच्या चकतीबद्दल त्यात एक अक्षर नाही.