लॅमिंग्टन रोडवरची व्हॉल्व्ह टीव्हीची दुरुस्ती: आधी ठिणगीचा माग, मग पार्ट

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, टीव्ही अजून आहे आणि तो चालू स्थितीत राहावा अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. जिन्यापाशी जुन्या टीव्हीचे विचारले की कोणीही वर बोट दाखवते.

आमचा संच लाकडी शटरचा, २० इंची, कृष्णधवल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्यानंतर काही वर्षांनी सासऱ्यांनी तो घेतला होता. आता ॲनालॉग प्रक्षेपण येत नसल्यामुळे मॉड्युलेटर (प्लेअरचे चित्र जुन्या अँटेनाच्या सिग्नलसारखे करून देणारी डबी) जोडून आम्ही त्यावर जुने मराठी चित्रपट पाहतो. पावसाळा लागला तसा संच सुरू करताच मागून चर्र असा आवाज येऊ लागला, पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी उमटू लागल्या आणि खोलीत ओझोनचा उग्र वास पसरू लागला. संच तापला की आवाज कमी होई, पण मधूनच चट् असा मोठा आवाज होऊन चित्र क्षणभर आकसे. घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने मागचे झाकण न उघडताच पिक्चर ट्यूब गेली असे सांगून संच भंगारात द्यायचा सल्ला दिला. अशा पिक्चर ट्यूब आता कोणी बनवत नाही, त्यामुळे तो सल्ला म्हणजे संचाचा निकालच होता.

लॅमिंग्टन रोडवरच्या काकांनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, "ताई, ठिणगी कुठून निघते नि कुठं जाते ते आधी बघू, पार्टचं मग बोलू." या दुकानाचे सगळे मोल मला या एका वाक्यात दिसले, कारण पुढचे सारे काम त्यांनी त्याच क्रमाने केले.

या संचाच्या चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, थेट विजेच्या मेन्सची एक बाजू जोडलेली असते, म्हणून त्यांनी तो प्रथम मेन्सशी थेट जोड तोडणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घेतला. मग खोलीतले दिवे मालवले. अंधारात पिक्चर ट्यूबच्या काचेवर, जिथे उच्च दाबाची (व्होल्टेजची) जाड वायर रबरी टोपीखाली शिरते, तिथे टोपीच्या कडेभोवती निळसर जांभळी प्रभा स्पष्ट दिसत होती. तीच चर्र आवाजाची जागा. याला कोरोना म्हणतात: हवा पूर्ण फुटत नाही, पण तिच्यातून वीज झिरपत राहते. चट् आवाज निराळ्या जागेचा होता. ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या ग्रॅफाइटच्या लेपावरून जवळच्या धातूच्या चौकटीकडे बारीक पांढरी ठिणगी उडत होती. एकाच तक्रारीमागचे हे दोन वेगळे दोष त्यांनी कोणताही भाग न बदलता दाखवून दिले.

त्यानंतर त्यांनी प्रोबने उच्च दाब मोजला. तो सुमारे १७ किलोव्होल्ट निघाला, म्हणजे अशा संचाला साजेसा. ही मोजणी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. दाबच प्रमाणाबाहेर चढला असता तर ठिणगी चांगल्या इन्सुलेशनवरूनही उडाली असती, क्ष-किरणांचा धोका वाढला असता आणि टोपी बदलून काहीही साधले नसते. सपाट पट्ट्यांमधली कोरडी हवा दर मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्ट सोसते, पण अणकुचीदार टोक किंवा ओलसर धूळ असली की त्याहून पुष्कळ कमी दाबालाही ती हार मानते. उच्च दाबामुळे ट्यूबकडे धूळ सतत ओढली जाते, आणि तीवर आपल्या शहराची खारी, दमट हवा बसली की काचेवर विजेला वाट मिळते.

संच बंद केल्यावरही काकांनी लगेच हात घातला नाही. पिक्चर ट्यूबची काच आतल्या आणि बाहेरच्या लेपांमध्ये कपॅसिटरसारखी वीज साठवते आणि प्लग काढल्यावरही ती बराच काळ टिकून राहते. त्यांनी मोठा रोध (रेझिस्टर) जोडलेली दांडी ग्रॅफाइटच्या लेपाच्या अर्थ वायरला जोडून टोपीखाली सरकवली, थोडे थांबून पुन्हा तेच केले, कारण एकदा रिकामी केलेली काच थोडा दाब परत धरते. हे काम घरी स्क्रूड्रायव्हरने करू पाहणाऱ्यांनी त्यांचा हा संयम अवश्य पाहावा.

टोपी निघाली तेव्हा रबर कडक होऊन तडकलेले होते आणि त्याच्या आतल्या बाजूवर झाडाच्या फांद्यांसारखी तपकिरी-काळी रेघ उमटलेली होती. जळलेल्या रबराचा तो कोळसा वीज वाहून नेतो, म्हणून तो पुसून भागत नाही. टोपी बदलावीच लागते. काचेवर ॲनोडभोवती, म्हणजे टोपीखालच्या उच्च दाबाच्या जोडाभोवती, ग्रॅफाइट नसलेले जे मोकळे वर्तुळ असते, ते इन्सुलेशनसाठीच राखलेले असते, आणि आमच्या संचात नेमके तेच चिकट काजळीने भरले होते. काकांनी ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच चमकेपर्यंत स्वच्छ केले, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला आणि नवी टोपी बसवली. बाथरूममध्ये वापरतात तो सिलिकॉन सीलंट चालेल का, असे मी विचारले. तो सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि धातू खातो, असे सांगून त्यांनी साफ नकार दिला. लेपाला अर्थ देणारी स्प्रिंग गंजून सैल झाली होती. चट् ठिणगीचे मूळ तेच. ती बदलली. जाता जाता उच्च दाब एकदिश करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या सॉकेटवरचे सोल्डरचे एक टोकही त्यांनी गोल केले, कारण अशा टोकावरून कोरोना सहज सुरू होतो. अल्कोहोल पूर्ण उडून जावे म्हणून संच रात्रभर तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार करून तपासला.

आता उणिवा. दुकान घरी येऊन काम करत नाही, आणि इमारतीला लिफ्ट नाही. एवढा जड संच टेम्पोने नेऊन जिन्यावरून चढवणे हे दोन धडधाकट माणसांचे काम आहे, आणि उचलताना ट्यूबच्या मानेला धक्का लागला तर तिचे कायमचे नुकसान होते. काम कुठवर आले हे फोनवर नीट कळत नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितल्यावर मात्र प्रत्येक भागाची किंमत वेगळी लिहून मिळाली आणि जुनी टोपी व स्प्रिंगही परत दिली गेली. मजुरी साध्या दुरुस्तीपेक्षा जास्त आहे, परंतु त्यातला मोठा वाटा तपासणीचा आहे आणि तो मला सर्वस्वी रास्त वाटतो. आमचा संच तिथेच वाचला.

दुरुस्तीनंतर भर पावसातही आवाज, वास आणि ठिपके पूर्ण थांबले आहेत. चित्र दोन्ही कडांना अजून किंचित अपुरे राहते. त्याचे कारण चित्र आडवे पसरवणारा लाइन आउटपुटचा पीएल ५०४ व्हॉल्व्ह थकत आला आहे, हे काकांनी स्वतःहून सांगितले. पण तो आणखी काही काळ चालेल म्हणून बदलायचा आग्रह धरला नाही. चोर बाजारात मिळाला तर आणा, लावण्याआधी तपासून देतो, त्याचे पैसे घेणार नाही, असे त्यांनी सांगितले आहे. जुना संच दाखवायचा असेल तर शक्यतो पावसाळ्यातच न्यावा, कारण कोरड्या हवेत हा दोष दडून राहतो आणि अंधार करूनही सहजी दिसत नाही.