एमपीटी३सॅस ड्रायव्हरसोबत ८ महिने: कोड कळला, डिस्क कोणती ते कळेना

डिस्क संगणकाला जोडणारे सॅस२००८ चिपचे ८ पोर्टांचे कार्ड, त्यावर आयटी फर्मवेअरची (डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या, कार्डातल्या आज्ञावलीची) २०.००.०७.०० ही आवृत्ती, लिनक्स, आणि ८ साटा डिस्कांचा झेडएफएस पूल (सगळ्या डिस्कांची मिळून एक साठवण) ही जुळणी घरी साठवण उभारणाऱ्यांना तोंडपाठ असते, म्हणून वैशिष्ट्यांची यादी येथे पुन्हा देत नाही. वेगाबद्दलही तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते या कार्डाच्या ड्रायव्हरने, म्हणजे ते चालवणाऱ्या लिनक्समधील ‘एमपीटी३सॅस’ या भागाने, लॉगमध्ये उमटवलेल्या एका ओळीबद्दल. त्या ओळीचा अर्थ नीट न कळल्यामुळे मी एक धडधाकट डिस्क काढून ठेवली, तिच्या जागी नवी विकत घेतली आणि खरा दोष तीन आठवडे तसाच राहू दिला.

पहिले ५ महिने ड्रायव्हरने लॉगमध्ये अवाक्षर काढले नव्हते. मग महिन्याच्या ठरलेल्या स्क्रबच्या (पुलातला सगळा डेटा वाचून तपासण्याच्या) रात्री लॉगमध्ये एकाच मजकुराच्या सत्तावीस ओळी लागोपाठ आल्या: ‘एमपीटी२सॅस_सीएम०: लॉग_इन्फो(३१०८००००): ओरिजिनेटर(पीएल), कोड(०८), सब_कोड(००००)’. आकड्यांआधीची हेक्साडेसिमलची (सोळा आधाराच्या मोजणीची) खूण येथे गाळली आहे, बाकी ओळ जशीच्या तशी आहे. सुरुवातीच्या नावाचाच आधी उलगडा करावा लागला, कारण माझ्या यंत्रात चालू असलेले मॉड्यूल ‘एमपीटी३सॅस’ होते. लिनक्सच्या ४.४ आवृत्तीत दोन्ही पिढ्यांचे ड्रायव्हर एकत्र झाले, पण जुन्या पिढीच्या कार्डांसाठी संदेशातले नाव ‘२’च राहिले. हा गोंधळ किरकोळ आहे आणि एकदा कळला की संपतो.

आता त्या ओळीकडे बारकाईने पाहू. ३१०८०००० या आठ आकड्यांतला पहिला ३ म्हणजे सॅस बस, कार्ड आणि डिस्क यांना जोडणारी वाट. दुसरा १ म्हणजे तक्रार कार्डाच्या फर्मवेअरमधील प्रोटोकॉल लेयरकडून, म्हणजे ‘पीएल’कडून, आली आहे. त्या जागी ० असता तर ती ‘आयओपी’कडून (कार्डावरच्या इनपुट-आउटपुट प्रोसेसरकडून) आणि २ असता तर रेडच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या, भागाकडून आली असती. पुढचे दोन आकडे हा कोड आणि शेवटचे चार हा उपकोड. म्हणजेच कंसातील पहिल्या संख्येत जे आहे तेच ड्रायव्हर उरलेल्या ओळीत तुकडे करून पुन्हा छापतो. एकच माहिती दोनदा मिळते, ०८ म्हणजे काय हे एकदाही सांगितले जात नाही, आणि ८ डिस्कांपैकी कोणती डिस्क हे तर संपूर्ण ओळीत कुठेच नाही.

०८ चा अर्थ कर्नलच्याच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्याच, स्रोतसंकेतात आहे, पण तो या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये नसून त्याच घराण्यातील जुन्या, फ्यूजन नावाच्या ड्रायव्हरच्या एका हेडर फाइलमध्ये आहे. तेथे या कोडाचे नाव ‘साटा एनसीक्यू फेल ऑल कमांड्स आफ्टर एरर’ असे दिले आहे. मला सर्वांत जास्त खटकले ते हे की तो जुना ड्रायव्हर हेच शब्द लॉगमध्ये छापत असे. जुन्या ३ गिगाबिटच्या कार्डावर हीच घटना घडली असती तर संदेशात कोडाच्या जागी ते पूर्ण वाक्य दिसले असते. शब्दांची तयार यादी हाताशी असताना नवी पिढी नुसत्या आकड्यांवर का आली, याचे पटेल असे कारण मला सापडले नाही.

अर्थ कळल्यावर सत्तावीस ओळींचाही उलगडा झाला. एनसीक्यूमध्ये, म्हणजे साटा डिस्कच्या आज्ञा-रांगेच्या पद्धतीत, डिस्क एका वेळी जास्तीत जास्त ३२ आज्ञा रांगेत घेते. त्यातली एक जरी चुकली तरी डिस्क रांगेतल्या सगळ्या आज्ञा सोडून देते, आणि नेमकी कोणती चुकली हे तिच्या त्रुटी-लॉगमधून वाचून घ्यावे लागते. म्हणून एका चुकीपायी बाकीच्या निर्दोष आज्ञाही नापास होऊन परत येतात आणि त्या प्रत्येकीमागे लॉगमध्ये एक ओळ पडते. सत्तावीस ओळी म्हणजे सत्तावीस दोष नव्हेत.

एवढे समजूनही मी चूक केलीच. ओळीत डिस्क नव्हती, म्हणून मी संशयित शोधायला निघालो. सर्व डिस्कांच्या स्मार्ट नोंदींतील (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) ५, १९७ आणि १९८ हे खराब सेक्टरांबद्दलचे गुणधर्म तपासले. तिसऱ्या डिस्कवर ८ सेक्टर बदललेले आढळले, बाकी सर्वांवर शून्य. मी तेवढ्यावर निकाल दिला, नवी डिस्क आणली आणि पूल पुन्हा बांधायला घेतला. त्याला १९ तास लागले, आणि त्या १९ तासांत ३१०८०००० च्या ओळी पूर्वीपेक्षा दुपटीहून अधिक आल्या. काढलेली डिस्क वॉरंटीसाठी पाठवली, ती ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आली. त्या वेळी मला सेवा केंद्राचा राग आला होता. आता मान्य करतो की त्यांचे बरोबर होते. पदरमोड झाली ती माझी, आणि ड्रायव्हरने चार अक्षरे जास्त छापली असती तर ती टळली असती.

डिस्कचे नाव कर्नलही का सांगत नव्हता, याचे उत्तर मिळाले तेव्हा माझे मत निम्मे बदलले. असा कोड आला की ड्रायव्हर त्या आज्ञेवर ‘सॉफ्ट एरर’चा शिक्का मारून ती वरच्या थराकडे परत देतो, आणि वरचा थर ती पुन्हा पाठवतो. साध्या वाचन-लेखनासाठी ही संधी ५ वेळा मिळते. सगळे प्रयत्न फसले तरच डिस्कच्या नावासह अपयशाची ओळ छापली जाते. माझ्याकडे प्रत्येक आज्ञा पुढच्या प्रयत्नात यशस्वी होत होती. तीन आठवड्यांच्या या सगळ्या गोंधळानंतर केलेल्या स्क्रबमध्ये एकाही बाइटची चूक निघाली नाही. ज्या ड्रायव्हरला मी मनातल्या मनात निकाली काढले होते, त्याने बिघडलेल्या जोडणीवरूनही माझा सगळा डेटा सुखरूप नेला होता, आणि या कामाबद्दल मी त्याला पूर्ण गुण देतो.

तो काही कोड मुद्दाम गिळतो, हेही तेव्हाच स्रोतसंकेत वाचताना दिसले. ३११७०००० हा कोड आला की तो काहीच छापत नाही. एखादी आज्ञा रद्द करण्याचे काम चालू असताना ३००५००००, ३११४०००० आणि ३११३०००० हे तीनही तो दाबून टाकतो. आज्ञा आपणच रद्द केल्यावर ती रद्द झाल्याची तक्रार येणारच, म्हणून या गाळणीला माझा आक्षेप नाही. पण काय गाळायचे याचा एवढा विचार जेथे झाला आहे, तेथे काय सांगायचे याचा तेवढाच विचार व्हायला हवा होता.

डिस्क शोधण्याची वाट या ड्रायव्हरमध्येच आहे, फक्त ती मुळात बंद असते. सिसफ्समध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) त्या होस्टच्या, म्हणजे कार्डाच्या, डिरेक्टरीत ‘लॉगिंग_लेव्हल’ नावाची फाइल असते. तिच्यात २०० लिहिले (ही संख्या हेक्साडेसिमल धरली जाते) की नापास झालेल्या प्रत्येक उत्तरासोबत सॅस पत्ता आणि फाय क्रमांकही, म्हणजे डिस्क कार्डाच्या कोणत्या जोडणीवर आहे तेही, छापला जातो. थेट जोडलेल्या साटा डिस्कला स्वतःचा सॅस पत्ता नसतो, म्हणून कार्ड तिला एक कृत्रिम पत्ता देते. माझ्या लॉगमध्ये तो ४४३३२२११०३०००००० असा आला. पहिले आठ आकडे सर्व डिस्कांना सारखेच होते आणि त्यानंतरचे ०३ म्हणजे फाय क्रमांक ३. हे कळल्यावर शोध पाच मिनिटांचा उरला, त्यातली तीन मिनिटे केबलवरचे आकडे जुळवण्यात गेली, कारण माझ्या कार्डावर क्रम उलटा निघाला: केबलच्या ज्या फाट्यावर ‘पी१’ छापले आहे तो फाय ३ आणि ‘पी४’ म्हणजे फाय ०.

त्या फाट्यावरच्या डिस्कचा स्मार्टमधील १९९ वा गुणधर्म, म्हणजे डिस्क आणि कार्ड यांच्यामधल्या वाटेवर पकडलेल्या सीआरसी (डेटा वाटेत बिघडल्याच्या) चुकांची संख्या, ४१ होता. तासभर मोठ्या फाइली वाचत ठेवल्यावर तो ६३ झाला. ही संख्या कधीच कमी होत नाही, म्हणून तिचा आकडा केवढा आहे यापेक्षा ती वाढते आहे का हे पाहायचे असते. डिस्क चांगली होती, केबल वाईट होती. चार फाट्यांची ती केबल बदलली आणि त्या दिवसापासून फाय ० ते ३ वर एकही ओळ आलेली नाही. आता ११ आठवडे झाले.

ही वाढीव नोंद कायम चालू ठेवावी का, यावर माझे मत दोनदा बदलले. पहिल्या आठवड्यात ती मला त्रासदायक वाटली, कारण माझ्या यंत्रावर स्मार्टची प्रत्येक चौकशीही तीत पाच-सहा ओळींची भर घालते आणि लॉग फुगतो. मी ती बंद केली. मग विचार केला की एका नव्या डिस्कच्या खर्चापुढे लॉगचे काही मेगाबाइट काहीच नाहीत, आणि मॉड्यूलच्या पर्यायांतच ती पातळी लिहून टाकली, म्हणजे यंत्र सुरू होताना आपोआप लागू होते. डिस्कच्या प्रत्येक खणावर फाय क्रमांक, केबलचा फाटा आणि डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे.

मागच्या आठवड्यात पहाटे २ वाजून १० मिनिटांनी पुन्हा ३१०८०००० आला, एकूण नऊ ओळी. या वेळी त्याखाली पत्ता होता आणि त्यात ०५ होते. फाय ५ म्हणजे दुसऱ्या केबलचा ‘पी३’ फाटा. त्या डिस्कचे १९७ आणि १९८ शून्यावर होते आणि १९९ शून्यावरून ४ वर गेला होता. दुसरी केबल पहिलीसोबत एकाच पाकिटातून आलेली. पहिली बदलताना मी एक जास्तीची केबल आणून ठेवली होती, ती लावली, आणि या वेळी एकाही डिस्कला हात लावला नाही.