न्यूबेरी की कार्नेगी? शाळेच्या ग्रंथालयासाठी इंग्रजी पुस्तकं निवडताना

शाळेच्या ग्रंथालयाला इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांसाठी वेगळे पैसे मिळाले की पहिला प्रश्न पडतो तो यादीचा. विक्रेत्याच्या कॅटलॉगवर खुणा करून मागवलं की गुळगुळीत कागदाची, दुसऱ्या दिवशी आठवणारही नाहीत अशी पुस्तकं येऊन पडतात. म्हणून बरेच ग्रंथपाल पुरस्कारांच्या याद्या बघतात. तिथे दोन नावं हमखास समोर येतात: अमेरिकेचं न्यूबेरी मेडल आणि ब्रिटनचं कार्नेगी मेडल. दोन्ही ग्रंथपालांच्या संघटनाच देतात, त्यामुळे पुस्तक रोज मुलांच्या हातात देणाऱ्यांनीच निवड केलेली असते. पण दोन्ही याद्या एकाच कामाच्या नाहीत. माझं मत आधीच सांगते: कपाट भरायचं असेल तर अमेरिकेची यादी घ्या, मुलांचा वाचनगट चालवायचा असेल तर ब्रिटनची.

न्यूबेरी हा बालसाहित्यासाठीचा जगातला सर्वात जुना पुरस्कार. फ्रेडरिक मेल्चर यांनी 1921 मध्ये कल्पना मांडली आणि 1922 मध्ये पहिलं मेडल दिलं गेलं. नाव मात्र अठराव्या शतकातल्या लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याचं, जॉन न्यूबेरीचं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा मुलांच्या ग्रंथसेवेचा विभाग तो देतो. लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा, पुस्तक आदल्या वर्षी अमेरिकेत आलेलं हवं आणि वाचक 14 वर्षांपर्यंतचा धरलेला असतो.

निवडीची रीत मला फार आवडते. 15 जणांची समिती वर्षभर वाचते, मग बंद दाराआड चर्चा करते. प्रत्येक सदस्य तीन पुस्तकांना मत देतो: पहिल्या पसंतीला 4 गुण, दुसऱ्या पसंतीला 3, तिसऱ्या पसंतीला 2. जिंकायला पहिल्या पसंतीची निदान 8 मतं लागतात, शिवाय दुसऱ्या क्रमांकावर 8 गुणांची आघाडी. तेवढी होईपर्यंत पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान. आत कोण काय बोललं ते बाहेर येत नाही. आधी कुठलीही छोटी यादी जाहीर होत नाही, जानेवारीत थेट निकाल लागतो.

मेडल मिळालेल्या पुस्तकावर सोनेरी शिक्का असतो, ऑनर म्हणजे मेडलच्या खालोखालचा मान मिळालेल्यांवर चंदेरी. खरेदी करताना चंदेरी शिक्का आधी बघा. सोनेरी पुस्तक वर्षाला एकच, चंदेरी सहसा दोन-चार, आणि आपल्या मुलांना जवळची वाटतील अशी पुस्तकं तिथे जास्त सापडतात. 2019 च्या ऑनर यादीतलं वीरा हिरानंदानी यांचं ‘द नाइट डायरी’ घ्या. 1947 साल, सिंधमधलं मीरपूर खास, आणि हयात नसलेल्या आईला रोज वहीत पत्र लिहिणारी बारा वर्षांची निशा. फाळणी इतिहासाच्या धड्यातून शिकणाऱ्या आठवीच्या मुलांना हे पुस्तक द्यायलाच हवं. 2022 च्या ऑनर यादीत रजनी लारोक्का यांची पद्यकादंबरी आहे, अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुलीची. आणि सोनेरी मेडलही भारतात जन्मलेल्या लेखकाला फार लवकर मिळालं होतं: 1928 मध्ये धनगोपाल मुखर्जी यांना, कोलकात्याच्या एका कबुतराच्या गोष्टीसाठी. ते कबुतर पुढे पहिल्या महायुद्धात निरोप पोचवायला फ्रान्सपर्यंत जातं.

एक धोका आहे. ‘14 वर्षांपर्यंत’ म्हणजे काहीही असू शकतं. 1922 चं पहिलं मेडल मानवजातीच्या जाडजूड इतिहासाला मिळालं, 2016 चं एका चित्रपुस्तकाला आणि 2020 चं एका ग्राफिक कादंबरीला. त्यामुळे नुसता शिक्का बघून ‘इयत्ता सहावीसाठी दहा प्रती’ अशी ऑर्डर टाकू नका.

अमेरिकेच्या यादीचा खरा फायदा असा की न्यूबेरीसोबत त्याच दिवशी इतरही बरेच पुरस्कार जाहीर होतात. चित्रांसाठी कॅल्डेकॉट (1938 पासून), माहितीपर पुस्तकांसाठी सायबर्ट, 12 ते 18 वयासाठी प्रिंट्झ, आफ्रिकन-अमेरिकन लेखक आणि चित्रकारांसाठी कोरेटा स्कॉट किंग, अनुवादित पुस्तकाच्या प्रकाशकासाठी बॅचेल्डर. पण मराठी माध्यमाच्या किंवा सेमी-इंग्रजीच्या शाळेने सगळ्यात आधी बघावा तो थिओडोर गायझेल पुरस्कार. नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठीच तो आहे. 2008 आणि 2009 ला लागोपाठ मो विलेम्स यांच्या हत्ती आणि डुकराच्या जोडीच्या पुस्तकांना तो मिळाला. या पुस्तकांत निवेदन नाहीच, दोघांचं बोलणं तेवढं फुग्यांमध्ये, शब्द मोजके आणि तेच तेच परत येणारे. एका मुलाने हत्तीचं वाचायचं, दुसऱ्याने डुकराचं. इंग्रजी वाचायला बिचकणारं मूलही दोन पानांत आवाज काढून वाचायला लागतं. न्यूबेरीच्या जाड कादंबऱ्या त्यानंतर.

आता कार्नेगी. 1936 पासूनचं हे मेडल आज सीलिप ही ब्रिटनची ग्रंथपाल संघटना देते. लेखक कुठल्याही देशाचा चालतो, पुस्तक इंग्रजीत आणि ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेलं हवं. चित्रांसाठीचं जुळं मेडल पूर्वी केट ग्रीनअवेच्या नावाने दिलं जायचं, आता तेही कार्नेगीच्याच नावाने आहे. इथे सगळा कारभार उघड: आधी लांब यादी, वसंतात छोटी यादी, जूनमध्ये निकाल.

मधल्या काळात शाळा-शाळांतून ‘शॅडोइंग’ चालतं आणि कार्नेगी घ्यायचं ते याच्यासाठी. मुलांचे गट छोट्या यादीतली पुस्तकं परीक्षकांच्याच निकषांवर वाचतात, परीक्षणं लिहितात, भांडतात आणि आपला विजेता ठरवतात. ब्रिटनबाहेरचे गटही यात असतात. ‘आवडलं’ याच्यापुढे जाऊन का आवडलं हे बोलायला मुलांना शिकवण्याची इतकी सरळ रीत मला दुसरी माहीत नाही.

अडचण वेळापत्रकाची. मार्च ते जून म्हणजे आपल्याकडे वार्षिक परीक्षा आणि मे महिन्याची सुट्टी. तेव्हा वर्षभर उशिरा खेळावं. गेल्या वर्षीची छोटी यादी घ्या, जूनमध्ये शाळा उघडल्यावर गट करा, 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला मुलांचं मतदान ठेवा आणि खरा निकाल त्यानंतर सांगा. तोवर बहुतेक पुस्तकं पेपरबॅकमध्येही आलेली असतात, म्हणजे त्याच पैशात जास्त प्रती.

वयाची काळजी मात्र कार्नेगीत दुप्पट घ्यावी लागते, कारण यादी किशोरांकडे झुकते. 2014 च्या विजेत्या ‘द बंकर डायरी’वरून ब्रिटनमध्येच वाद झाला होता, ती कादंबरी शेवटपर्यंत काळीकुट्ट आहे. शिक्षकाने आधी स्वतः वाचल्याशिवाय गटात पुस्तक देऊ नये. 2023 चं विजेतं ‘द ब्लू बुक ऑफ नेबो’ही मोठ्या मुलांचं, पण नववी-दहावीला मी आवर्जून सुचवेन. मानॉन स्टेफान रोस यांनी ते आधी वेल्शमध्ये लिहिलं, मग स्वतःच इंग्रजीत आणलं. अनुवादित पुस्तकाने कार्नेगी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलांना त्यातली आई आणि मुलगा लगेच कळतात.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये ग्रंथालयशास्त्र शिकणारी, ग्रंथालयात काम करणारी मराठी मंडळीही असतात. त्यांच्यासाठी संमेलनांबद्दल थोडं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन जूनमध्ये भरतं. ते प्रचंड असतं, सगळ्या प्रकारच्या ग्रंथालयांचं. नुसत्या प्रदर्शनाचा पास घेतला तरी प्रकाशकांची येऊ घातलेली पुस्तकं बघायला मिळतात. न्यूबेरी-कॅल्डेकॉटचा मेजवानी-समारंभ आणि विजेत्यांची भाषणंही तिथेच होतात. फक्त मुलांच्या विभागात काम करणाऱ्यांना ब्रिटनच्या यूथ लायब्ररीज ग्रुपची छोटी परिषद जास्त उपयोगी पडेल, कारण तिथला प्रत्येक माणूस त्याच कामातला असतो आणि कार्नेगीचे परीक्षकही याच गटातून येतात. इथे महाराष्ट्रात बसून प्रवासखर्च करण्याची गरज नाही: जानेवारीतला अमेरिकेचा निकाल थेट प्रक्षेपणात फुकट बघता येतो, आणि जूनच्या खरेदीआधी पुस्तकं चाळून, वाचून ठरवायला चार-पाच महिने हातात राहतात.