रंगीत म्हणून घेतलेले आठ रोल छापलेले निघाले

आधी आकडा सांगतो: १,३९,७१२ रुपये. रंगीत रेडियमचे, म्हणजे अक्षरं कापून पाटीवर चिकटवतात त्या स्टिकरच्या प्लास्टिकचे, आठ रोल, प्रत्येकी १४,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी. ट्रान्सपोर्टचे १,८५० वेगळे. आणि हे घालवणारा काल धंद्यात आलेला पोरगा नाही, सोलापुरात एकोणीस वर्षं रेडियम कापून-सोलून पोट भरणारा माणूस आहे. लिहायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण ज्याने फसवलं तो व्यापारी अजून माल विकतोय.

२५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्यांसाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आठवतंय ना? वर्षभर फोन न उचलणारे शेठ दारात येऊन उभे. नाव देवनागरीत, मोठं, आणि दिवाळीच्या आत. माझ्या हातात २६ बोर्ड होते. लाल संपलेला, पिवळ्याचा जेमतेम चार मीटरचा तुकडा, आणि नेहमीचा डीलर म्हणतोय, पुढच्या सोमवारी बघू.

इथे एक जुना वाद सांगायला हवा, त्याशिवाय मी कसा अडकलो ते कळणार नाही. माझ्या एका मित्राकडे इको-सॉल्व्हंट मशीन आहे, पांढऱ्या रोलवर शाईने छापणारं. त्याचं एकच पालुपद: "एक पांढरा रोल ठेव, रंग शाईत असतात. कशाला बारा रंगांची वखार मांडून बसलास?" त्याचंही खोटं नाही. माझ्या माळ्यावर जांभळा रोल २०१९ पासून पडून आहे, गोंद वाळून गेला. पण मी ऐकायचो नाही. रंगीत रेडियममध्ये रंग अंगातच असतो, प्रिंटमध्ये तो पांढऱ्यावर थापलेला. प्रिंटचा लाल म्हणजे मॅजेंटा आणि पिवळा, आणि उन्हात आधी हेच दोघं पळतात. भरीव रंग छापला की पट्टे दिसतात. भगवा तर चार शाईंतून हवा तसा निघतच नाही, आणि आपल्याकडे भगवा चुकला तर गिऱ्हाईक बोर्ड घेऊन जात नाही. हे सगळं मी गिऱ्हाइकाला कापसावर थिनर घेऊन, पुसून दाखवायचो. प्रिंटचा रंग कापसाला लागतो, रंगीताचा लागत नाही. दाखवायचो मी!

तर अशात धंद्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. भिवंडीचं गोदाम रिकामं करतोय, आता सगळे छापूनच देतात, रंगीत कोण घेतंय, पॉलिमरिक (म्हणजे टिकाऊ प्रतीचा) माल, पाच वर्षांची गॅरंटी, पडेल भावात. मला तो रोल साडेएकोणीस हजारांना पडायचा. हावरटपणा म्हणा, मी नाही म्हणणार नाही. पण खरं सांगू? 'रंगीत कोण घेतंय' हे वाचून मला चेव चढला. म्हटलं, मी घेतो. मित्राला दाखवतो.

सॅम्पल आले, अस्सल. अर्धे पैसे, ६९,८५६, एनईएफटीने पाठवले. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आला, उरलेले अर्धेही पाठवले. माल उघडायच्या आधी पूर्ण पैसे देऊ नका हे मी पोरांना शिकवतो, आणि मीच दिले. फोनवर व्यापारी सहज म्हणाला होता, "यावेळी गोंद ग्रे आहे बरं का, ब्लॉकआउट." मी हो म्हणालो. अरे, रंगीत रेडियमला ब्लॉकआउट, म्हणजे मागचं दिसू न देणारा गोंद, कशाला लागतोय? पाठ करडी असली की सोलून बघणाऱ्याला आतला पांढरा दिसत नाही, एवढ्यासाठी ते होतं.

आता ती रात्र. अष्टमी होती, दोन वाजलेले, ट्यूबलाइटखाली आम्ही तिघं. लाल रोल प्लॉटरला, म्हणजे अक्षरं कापायच्या मशीनला, लावला, दीडेक मीटर गेला आणि टेपचा जोड आला. कंपनीच्या रोललाही कधी जोड असतो, मी तुकडा काढून पुढे चालू केलं. दुसरा लाल लावला. दीड मीटरवर जोड. दोन रोलांना एकाच जागी जोड! तेवढ्यात सोलणारा पोरगा म्हणाला, "अण्णा, याची कड पांढरी दिसायलीय." मी काय म्हणालो? "गप सोल, सकाळी फिटिंग आहे." थिनरचा डबा माझ्या पायाशी होता. खाली वाकलो असतो तर बास होतं. हे वाक्य मी किती रात्री मनात म्हटलंय, मोजदाद नाही.

माझी बाजू सांगतो, कारण नंतर सगळेच शहाणे होतात. ताजं प्रिंट चांगल्या मशीनवर काढलं असेल तर ट्यूबलाइटमध्ये फरक कळत नाही. बाहेरचा दीड मीटर अस्सलच होता, छापलेला पांढरा होता तो जोडाच्या पुढे. आणि २६ बोर्डांचा ॲडव्हान्स घेऊन बसलेला माणूस रात्री दोनला रोल परत कुठे पाठवणार? पण पोराने सांगितलं होतं, हेही खरं.

होळीच्या आसपास मिठाईवाल्याचा फोन आला. लाल अक्षरं गाजराच्या हलव्यासारखी झाली म्हणे. मग मेडिकलवाला, मग चपलांचं दुकान. तेव्हा कुठे वाकलो, कापूस फिरवला, कापूस लाल. १४ बोर्ड पदरचे २,४०० प्रत्येकी घालून पुन्हा केले, म्हणजे ३३,६०० आणखी.

बिल सीएकडे नेलं. तो नोव्हेंबरपासून सांगत होता की हे बिल २बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटीच्या यादीत, दिसत नाही, आणि व्यापारी 'पुढच्या महिन्यात भरतो' म्हणत होता. सीएने नीट बघितलं आणि हसला. माल भिवंडीचा, आणि जीएसटी नंबर ०७ ने सुरू, म्हणजे दिल्ली. तरी कर ९ अधिक ९, राज्यातल्या राज्यात असल्यासारखा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, तुमच्याच बिलावर असतो. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकायला एक मिनिट लागतं, पैसे पाठवायच्या आधी टाका. माझे २१,३१२ तर असेच बुडाले: पुरवठादाराने कर भरला नाही तर आपल्याला त्याचं क्रेडिट, म्हणजे वजावट, नाही. चोर तो, दंड मला.

पोलिस ठाण्यात गेलो. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." दुसऱ्यांदा गेलो तर, व्यवहार भिवंडीचा, तिकडे जा. तिसऱ्यांदा साहेब निवडणुकीच्या बंदोबस्ताला. चौथ्यांदा रोलच काखेत घेऊन गेलो, टेबलावर सोलून दाखवला, थिनरने पुसून दाखवला. हवालदार मन लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "रेडियम म्हणजे ते रात्री चमकतं ते ना?" आणि एक पट्टी कापून हेल्मेटला लावून घेतली. अर्जावर पोच तेवढी मिळाली. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कर कार्यालयात लेखी तक्रार दिली, तिचा शिक्का माझ्याकडे आहे, उत्तर नाही. ग्राहक मंचातला कारकून म्हणाला, तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. हे अर्धंच खरं आहे. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर कायदा ग्राहक मानतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही. वकिलाने सांगितलं म्हणून कळलं, खिडकीवर कुणी सांगत नाही. तक्रार दाखल आहे. तारखा पडतात.

भिवंडीच्या पत्त्यावरही जाऊन आलो. गाळ्यात चहावाल्याचे सिलिंडर.

रोल आला की बाहेरचं टोक बघू नका, मधून कापा. आणि माल आलाच नाही, नुसते पैसे गेले असतील, तर त्याच तासाला १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. माझ्यासारखे पाच महिने थांबलात तर काय होतं ते वर लिहिलंय.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर दुसऱ्या नावाने मेसेज आला. आता पांढरा कास्ट (म्हणजे वरच्या प्रतीचा) रोल, प्रिंटिंगसाठी, पडेल भावात, "रंगीताचा जमाना गेला". फोटोतली रॅक तीच, कोपऱ्यात तोच निळा ड्रम. मी खाली सगळं लिहिलं, बिलाचा फोटोही टाकला. ॲडमिनने सात मिनिटांत काढून टाकलं: "वैयक्तिक वाद ग्रुपवर नकोत." जाहिरात अजून आहे.