बैठक की परसदार? शोरो आणि सांबा, कुठल्या कार्यशाळेत नाव घालावं

रिओ द जानेरोच्या प्रासा ओन्झे भागात तिया सियाता राहायच्या. जन्म 1854चा, मूळच्या बाहियाच्या, गोडधोड विकून घर चालवणाऱ्या. त्यांच्याकडे मंडळी जमली की पुढच्या बैठकीत शोरो हे ब्राझीलचं वाद्यसंगीत चालायचं आणि मागच्या परसदारी सांबा, असं शोरोचे नामवंत वादक पिशिंगिन्या सांगायचे. शोरोला तेव्हा थोडी प्रतिष्ठा होती. सांबावर पोलिसांची नजर असायची, म्हणून तो मागे. वाजवणारे मात्र दोन्हीकडे बरेचसे तेच.

आज शिकायला जाणाऱ्यासमोर हीच दोन दारं असतात. नोकरीनिमित्त वर्ष-दोन वर्षं बाहेर असलेल्या ओळखीच्यांपैकी तिघांनी मला विचारलं, शोरोच्या कार्यशाळेत जावं की सांबाच्या? त्यातला एक पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवलेला, एक तबल्याच्या दोन परीक्षा दिलेली, आणि एकाने शाळेच्या बँडनंतर कशालाच हात लावलेला नाही. तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली.

आधी नावाचं. लिहिताना आपण शोरो लिहितो, रिओत ते ‘शोरू’ असं ऐकू येतं. शब्दाचा अर्थ रडणं, पण ऐकाल तर निम्म्या चिजा पळत्या घोड्यासारख्या. साधारण 1870च्या दशकात युरोपातून आलेल्या पोल्का, वॉल्ट्झ असल्या नाचांच्या चाली रिओचे वादक आपल्या लयीत वाजवू लागले, त्यातून हे वाद्यसंगीत उभं राहिलं. बासरीवादक जोआकिम कालादो यांचा संच त्या वेळचा: बासरी, दोन गिटार आणि कावाकिन्यो हे लहानसं तंतुवाद्य. सांबा नंतरचा. ‘पेलो तेलेफोने’ या गाण्याची सांबा म्हणून नोंदणी दोंगा यांनी 1916च्या अखेरीस केली, आणि ते गाणंही तिया सियातांच्याच घरच्या मैफलींतून आलेलं.

चूक कुणाला ऐकू येते

सोपं काय आणि अवघड काय, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. आपली चूक किती जणांना ऐकू गेलेली चालेल, हे ज्याने त्याने आधी ठरवावं.

शोरोच्या वर्गात दहा जण गोल बसलेले असतात. वाद्यं नाजूक, आवाज लहान. कावाकिन्योचा एक कॉर्ड उशिरा बदललात की सगळे वर बघतात. रागाने नव्हे, पण बघतात. सांबाच्या बातेरियात, म्हणजे तालवाद्यांच्या ताफ्यात, पन्नास जण असले आणि तुमचा तांबोरिम (काठीने वाजवायचं छोटं चर्मवाद्य) एक घाव चुकला, तर शेजाऱ्याला कळतं, कधी त्यालाही नाही. मोठ्या सांबा स्कूलच्या, म्हणजे कार्निव्हलला उतरणाऱ्या मंडळाच्या, बातेरियात मिरवणुकीला दोनशे ते तीनशे वादक असतात. तिथे नवखा माणूस गर्दीच्या आधाराने वाजवायला शिकतो. पथकात पहिल्या वर्षी ढोल गळ्यात अडकवलेल्यांना हे सांगायला नको.

पथकाची आठवण आणखी एका कारणाने येते. आपल्याकडे ताशा इशारा देतो आणि ढोल उत्तर देतात. बातेरियात हे काम रेपिनिकी करतो: लहान, कडक आवाजाचा ढोल, एक हात उघडा आणि एका हातात काठी. त्याची हाक आली की सगळे उठतात. समोर मेस्त्रे, म्हणजे ताफ्याचा प्रमुख, शिटी आणि हातांच्या खुणांनी मध्येच सगळं थांबवतो आणि पुन्हा उचलतो. कागद कुठेच नाही. चाल तोंडाने म्हणून दाखवायची आणि हाताने उचलायची, हीच पद्धत. म्हणून पथकवाल्या मित्राला मी डोळे मिटून सांबा सांगितला. पहिल्या दिवशी तो घरच्यासारखा उभा राहील.

एक धोका मात्र त्याला सांगून ठेवला, तबलावालीला तर दोनदा. सांबा दोन मात्रांत मोजतात. सुर्दो म्हणजे मोठा ढोल; त्यातला सगळ्यात खर्जातला, ज्याला तिथे ‘पहिला’ म्हणतात, तो दुसऱ्या मात्रेवर वाजतो. पहिल्या मात्रेवर वाजतो तो ‘दुसरा’ सुर्दो, आवाजाने थोडा चढा. म्हणजे लयीचं वजन जिथे पडतं, ती आपली सम नव्हे. समेवर हात टाकायची सवय लागलेल्याला हे भलतंच छळतं: मोठा ठोका ऐकला की मन म्हणतं, ही सम, आणि पुढचं सगळं एक मात्रा सरकतं. मी स्वतः तीन आठवडे उलटा उभा होतो. पाय बरोबर पडायला लागले तेव्हा कुठे हात आले. तिसरा सुर्दो या दोघांच्या मधून नक्षी काढत फिरतो. त्याच्याकडे सुरुवातीला कान देऊ नये, हरवायला होतं. 1928 साली स्थापन झालेल्या मांगेइरा या सांबा स्कूलच्या बातेरियात तर उत्तर देणारा दुसरा सुर्दोच नाही. पहिला एकटाच ठोका देतो, आणि तेवढ्यावरून ती लांबून ओळखू येते.

दुसरी अडचण कागदावर न दिसणारी. एका मात्रेचे चार घाव लिहिताना सारखे असतात, वाजवताना नसतात. किंचित ओढ असते, तीही गती बदलली की बदलते. मेट्रोनोम लावून घासलेला सांबा लगेच ओळखू येतो, आणि कानाला बरा वाटत नाही.

तुमचा सा उठून जातो

शोरोची अडचण वेगळ्या जातीची आहे. ठरावीक शोरोला तीन भाग, प्रत्येकी साधारण सोळा मापांचे. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, परत पहिला, मग तिसरा दोनदा आणि शेवटी पुन्हा पहिला. घडण इतकी साधी की पहिल्याच दिवशी पाठ होते. पण प्रत्येक भागाची पट्टी वेगळी. हिंदुस्थानी संगीत शिकलेल्याचा सा तानपुऱ्यावर तासभर बसलेला असतो. इथे तो मिनिटभरात उठून दुसरीकडे जाऊन बसतो, आणि तुम्ही त्याच्या मागे धावायचं. राग कानात पक्का असलेल्या माणसाला चाल चटकन येते. खाली काय चाललंय, हे उमगायला मात्र महिने जातात.

खाली बरंच काही चाललेलं असतं. बासरी, क्लॅरिनेट किंवा मँडोलिनच्या जातीचं बांदोलिम मुख्य चाल घेतं. कावाकिन्यो हे चार तारांचं लहानसं पोर्तुगीज घराण्यातलं वाद्य. डी, जी, बी, डी असं लावतात, आणि ते कॉर्डसोबत लयही चालवतं. त्याचाच एक मदेइरातला भाऊबंद पुढे हवाईत युकुलेले झाला. सात तारांची गिटार खर्जात चालीशी गप्पा मारत जाते; दिनो सेते कोर्दास यांनी या वादनाला जे रूप दिलं, त्यावर आजचे बहुतेक जण उभे आहेत. सोबत पांदेइरो हे हाताने वाजवायचं चर्मवाद्य. यातलं कुठलंही अंग कच्चं राहिलं की उघडं पडतं, कारण एका कामाला माणूस एकच.

म्हणूनच शोरो गटात शिकवणं सोपं नव्हतं. शोरोवाले पूर्वीपासून ‘होदा’त, म्हणजे टेबलाभोवतीच्या गोलात, ऐकून-बघून शिकत आले. (लिहितात रोदा, पण सुरुवातीच्या ‘र’चा रिओत ‘ह’ होतो. रिओसुद्धा स्वतःला ‘हिऊ’ म्हणतं.) रिओच्या एस्कोला पोर्तातिल दे म्युझिका या शाळेने 2000 सालापासून त्याला वर्गाची शिस्त लावली. प्रत्येक वाद्याचे वेगळे वर्ग, आणि मग सगळे विद्यार्थी एकत्र येऊन वाजवतात तो ‘बांदांव’ नावाचा अवाढव्य संच. उर्कामधल्या विद्यापीठाच्या आवारात शनिवारी भरणारा हा प्रकार बघायला माणसं येतात. बांदांवमध्ये मात्र शोरोवालाही गर्दीत लपू शकतो, त्यामुळे माझी वर केलेली वाटणी तिथे थोडी ढासळते. ब्राझीलियातही तिथल्या शोरो क्लबाला जोडून 1998 पासून शोरोची शाळा आहे, राफाएल राबेलो या गिटारवादकाच्या नावाने.

वर्गात नोटेशन चालतं, होदात कागद काढणं बरं दिसत नाही. दहा-पंधरा चिजा पाठ झाल्याशिवाय गोलात खुर्ची ओढू नये. तोवर मागे उभं राहून ऐकण्यात कमीपणा नाही.

मधला दरवाजा

बातेरियाचा सांबा आणि टेबलाभोवतीचा सांबा यांत आपल्याकडच्या चौकशीत फार गोंधळ होतो. दुसऱ्याला पागोजी म्हणतात. रिओतल्या कासीके दे हामोस या मंडळातून निघालेल्या फुंदो दे किंताल या गटाने त्यात हाताने वाजवायचा तांतां हा ढोल, हाताचाच रेपिकी आणि कावाकिन्योसारखा लावलेला बँजो आणला. किंताल म्हणजे परस! इथे गाणं मुख्य, सगळे गातात, आवाज खोलीत मावतो. शोरो उघडा वाटतो आणि तीनशेजणांची गर्दी नको, तर हे बघावं. एक अट: गाणी पोर्तुगीज. शब्द तोंडात बसले नाहीत तर चुकचुकल्यासारखं होतं.

दोन्ही-तिन्ही घरांत चालणारं वाद्य एकच, पांदेइरो. दिसायला आपल्या डफलीसारखा, पण झांजा अशा बसवलेल्या की आवाज कोरडा येतो, आणि अंगठा, बोटं, तळहाताची टाच असं फिरवून एकट्याने अख्खा ताल धरता येतो. सांबाचे जुने वादक जोआंव दा बाइयाना यांचा पांदेइरो पोलिसांनी काढून घेतला आणि एका सिनेटरने त्यांना नवा भेट दिला, ही गोष्ट सांबावाले अजून रंगवून सांगतात. तबलावालीला मी हेच वाद्य सुचवलं. बोटांत जोर आहे, बोल तोंडात आहेत, आणि पट्टी बदलली तरी तिचं काही अडत नाही.

वेळ, जागा, पैसा

सांबाचं वर्ष कार्निव्हलभोवती फिरतं, आणि कार्निव्हल फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला. वर्षाच्या उत्तरार्धात सराव तापतो; ऐन जानेवारीत नवख्याला कुणी उभं करणार नाही. रिओतल्या मोनोब्लोकोसारखे गट कार्यशाळेतल्या शिकाऊंनाच घेऊन रस्त्यावर उतरतात, त्यामुळे मेहनतीला तारीख मिळते. शोरोला अशी तारीख नाही. कधीही सुरू करा, कधीही कंटाळा. (23 एप्रिल हा राष्ट्रीय शोरो दिवस आहे, पण त्या दिवशी कुणी तुमची परीक्षा घेत नाही.)

खर्चात फरक मोठा. सांबात वाद्यं बहुधा गटाची असतात. तुम्ही हात आणि कानातले बोळे घेऊन जायचं. बोळे गमतीने म्हणत नाही. बंद खोलीत काइशा (ताशासारखा कडक आवाजाचा ढोल) आणि रेपिनिकीच्या शेजारी दोन तास म्हणजे कानांचं नुकसान. शोरोत वाद्य स्वतःचं लागतं आणि रोज घरी घासावं लागतं.

ब्राझीलबाहेर सांबा शोधणं सोपं: लंडन स्कूल ऑफ सांबा 1984 पासून आहे, जर्मनीत कोबुर्गला उन्हाळ्यात मोठा सांबा महोत्सव भरतो. शोरोसाठी पॅरिसचा क्लब आहे, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काझाडेरोच्या जंगलात भरणाऱ्या ब्राझील कॅम्पमध्ये दोन्ही मिळतात.

परत आल्यावर

हे कुणी विचारत नाही, आणि खरी निवड इथेच होते. वर्षभर सुर्दो वाजवून पिंपरी-चिंचवडला परतलेला माणूस एकटा काय करणार? सुर्दो एकटा म्हणजे नुसता ठोका. उरलेल्या एकोणपन्नासांशिवाय तुमच्या शिकण्याला घर नाही. तांबोरिमचंही तेच, शिवाय तो हातात उलटा-सुलटा फिरवून वाजवायची उडती चाल सरावाशिवाय महिन्याभरात गळून जाते. शोरोवाला मात्र एक गिटारवाला गाठून रविवारी सकाळी वाजवू शकतो, एकटाही वाजवू शकतो. घरात जुनं मँडोलिन पडलेलं असेल तर बांदोलिमच्या तारांची जुळणी तीच आहे, जी, डी, ए, ई.

म्हणून कशालाच हात न लावलेल्या तिसऱ्या मित्राला मी आधी सहा महिने सांबा आणि मग शोरो असं सांगितलं. त्याने कावाकिन्यो आधीच विकत घेतला होता. असू दे. लय अंगात नसताना शोरोला बसलेले कॉर्ड बरोबर धरतात आणि तरी ते पोल्काच वाटतं. तबलावालीला हा क्रम लागू नाही. तिने पांदेइरो घेऊन सरळ शोरोत बसावं. पथकवाला सांबातून बाहेर पडणारच नाही, त्याचा मी नाद सोडला आहे.

पांदेइरो घेताना 10 इंचांचा घ्यावा. 12 इंचांचा दुकानात जास्त भारी वाटतो, पण अर्ध्या तासात मनगट तक्रार करायला लागतं.